यंत्राच्या पायाची गरज पाखाडीवर आहे

रोबोटिक पाय, मायक्रोप्रोसेसरवर चालणारे गुडघे, अंगावर चढवायचे एक्सोस्केलेटन यांची बातमी आली की रत्नागिरीत एक उत्तर ठरलेलं असतं. शिबिरं भरवणारे ते देतात, पुढारी देतात, चांगले डॉक्टरही देतात. "हे अमेरिकेसाठी ठीक आहे हो. आपल्या माणसाला साधा जयपूर फूट बसला, चार पावलं टाकता आली, तरी खूप झालं. लाखो रुपयांच्या यंत्राचं कोकणात काय काम?" बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यातले कित्येक जण पदरमोड करून माणसांना पाय मिळवून देतात आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण हे मत चुकीचं आहे, आणि ते नेमकं उलट्या बाजूने चुकीचं आहे. माणूस चालतो कसा याचा गेल्या काही दशकांत जो अभ्यास झाला, तो नीट पाहिला तर यंत्राच्या पायाची गरज मॉलच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्यात कमी आणि संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या पाखाड्यांवर सगळ्यात जास्त आहे, असंच दिसतं.

सपाटीवर चालताना शरीर फार काटकसरीने वागतं. टेकलेल्या पायावरून धड उलट्या टांगलेल्या लंबकासारखं पुढे जातं. वर उचललेलं वजन खाली येताना पुढच्या पावलाला गती देऊन जातं. ऊर्जा वाया जाते ती मुख्यतः पुढचा पाय जमिनीवर टेकतो त्या क्षणी. ती भरून काढतो मागच्या पायाचा घोटा. पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची जाड कंडरा मिळून पाय सुटता सुटता शरीराला पुढे रेटतात. हा सगळा व्यवहार इतका नेटका आहे की टॅड मॅकगीर या संशोधकाने १९९० मध्ये मोटर नसलेलं दोन पायांचं यंत्र नुसत्या हलक्या उतारावर चालवून दाखवलं. पुढे २०१५ मध्ये कॉलिन्स, विगिन आणि सॉविकी यांनी घोट्याला बांधायची एक स्प्रिंग आणि एक क्लच एवढ्याच्या जोरावर, बॅटरी न वापरता, धडधाकट माणसाच्या चालण्यातला ऊर्जाखर्च सुमारे ७ टक्क्यांनी कमी केला. तेव्हा सपाटीपुरतं बोलायचं तर, विचार करून बनवलेला साधा पाय पुष्कळ काम करतो, हे म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो.

पण आपण सपाटीवर राहत नाही. समुद्राकाठच्या चार पट्ट्या आणि वरचा सडा सोडला तर हा जिल्हा म्हणजे चढ आणि उतार. रस्त्यावरून वाडीत उतरायचं तर जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी, वाडीतून मळ्यात जायचं तर बांध, मधे व्हाळ, त्यावर साकव. आता साधा हिशेब करू. ६० किलो वजनाच्या माणसाला २० सेंटिमीटर उंचीची एक पायरी चढायला साधारण ११८ जूल काम करावं लागतं. अशा १०० पायऱ्या म्हणजे शरीर २० मीटर वर उचलणं, सहा-सात मजली इमारत चढण्याइतकं. हे काम कुठून तरी नव्याने आणावं लागतं. स्प्रिंग ते करू शकत नाही. रबराचा पाय करू शकत नाही, कार्बन फायबरचा पायही करू शकत नाही. आत साठवलं गेलं तेवढंच ते परत देतात आणि त्यातलंही थोडं गाळतात. चढावर जास्तीचं काम करणार स्नायू, नाही तर मोटर. तिसरा पर्याय निसर्गात नाही.

मांडीतून पाय गेलेला माणूस साध्या गुडघ्यावर पाखाडी कशी चढतो, ते पाहणाऱ्याने पाहिलेलं असतं. शाबूत पाय वरच्या पायरीवर, मग कृत्रिम पाय ओढून त्याच पायरीवर. पुन्हा शाबूत पाय. शरीर उचलण्याचं सगळं काम एकाच पायाचं. वर्षानुवर्षं असं चाललं की त्या शाबूत पायाचा गुडघा झिजतो. पाय गमावलेल्यांच्या उरलेल्या गुडघ्यात संधिवात जास्त आढळतो, हे वैद्यकात जुनं झालेलं ज्ञान आहे. "चार पावलं टाकता आली" म्हणताना हा दुसरा गुडघा आपण हिशेबात धरत नाही.

उतरण्याची गोष्ट याहून बिकट. उतरताना ऊर्जा घालायची नसते, ती शोषायची असते. धडधाकट माणसाच्या मांडीचे स्नायू गुडघा हळूहळू वाकू देतात, ब्रेक लावत लावत शरीर खाली सोडतात. साध्या कृत्रिम गुडघ्याला ही जाण नसते. तो एक तर ताठ राहतो नाही तर मिटतो, आणि अवेळी मिटला तर माणूस तोंडावर पडतो. मायक्रोप्रोसेसर गुडघ्याचं खरं काम इथेच आहे. १९९७ मध्ये ऑटोबॉक कंपनीचा सी-लेग आला तेव्हापासून तत्त्व तेच आहे. गुडघ्याचा कोन आणि पायावरचा भार सेंसर सतत मोजत राहतात आणि त्यानुसार आतल्या तेलाचा अवरोध कमीजास्त होतो. अमेरिकेत २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत साधा गुडघा वापरणाऱ्यांना असा गुडघा देऊन तुलना केली गेली. उतार आणि जिने उतरणं सुधारलं. एका अभ्यासात ठेचकाळण्याचे प्रसंग ५९ टक्क्यांनी आणि पडण्याचे ६४ टक्क्यांनी घटले. अभ्यास लहान होते, हेही सांगायला हवं. पण फायदा कुठे दिसला ते बघा: उतारावर, जिन्यावर, खडबडीत जमिनीवर. ज्याच्या घराला लिफ्ट आहे त्याच्या आयुष्यात अशा जागा दिवसातून एखाद-दोनदा येतात. ज्याचं घर पाखाडीखाली आहे त्याच्या आयुष्यात दुसरं काही येतच नाही.

खडबडीत जमिनीबद्दलही मोजमाप झालेलं आहे. मिशिगन विद्यापीठात २०१३ मध्ये तरुण, निरोगी माणसांना ट्रेडमिलवर लाकडी ठोकळे बसवून चालवलं. उंचसखलपणा जास्तीत जास्त अडीच सेंटिमीटरचा. तेवढ्याने चालण्याचा ऊर्जाखर्च २८ टक्क्यांनी वाढला. अडीच सेंटिमीटर म्हणजे आपल्या कातळावर कोणी खडबडीत म्हणतसुद्धा नाही. निरोगी माणसाची ही अवस्था, तर ज्याला सपाटीवरही जास्त प्राणवायू लागतो त्या मांडीतून पाय गेलेल्या माणसाची काय होत असेल? आणि त्यावर जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणारा पाऊस, चिऱ्यांवर चढलेलं शेवाळ. ही परिस्थिती असलेल्या माणसाला आपण सांगतो की चांगल्या गुडघ्याची गरज सपाट शहरातल्या माणसाला आहे, तुला नाही.

यावर लगेच जयपूर फूटचं नाव पुढे केलं जातं, जणू तो संशोधनाला पर्याय होता. हा त्या कामाचा अपमान आहे. १९६८ च्या सुमारास जयपुरात रामचंद्र शर्मा हा कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यविशारद एकत्र आले ते परदेशी पाय महाग होता एवढ्यासाठी नव्हे. तो पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बनला होता. अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा, मांडी घालून जेवणारा, चिखलात उभा राहणारा माणूस त्याच्या कल्पनेत नव्हता. त्यांनी आपला माणूस जमिनीवर कसा वावरतो ते पाहिलं आणि व्हल्कनाइज्ड रबराचा, सर्व बाजूंनी वळणारा पाय घडवला. हे चालण्याचं अस्सल संशोधन होतं आणि त्याबद्दल सेठींना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अर्धशतकापूर्वीच्या त्या शोधावर थांबून राहणं म्हणजे त्यांच्या वाटेने जाणं नव्हे. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेबरोबर काम करून जेमतेम वीस डॉलरचा बहुअक्षीय गुडघा तयार केला. २००९ मध्ये 'टाइम'ने त्या वर्षीच्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. जगातली नावाजलेली प्रयोगशाळा आणि जगातला स्वस्त गुडघा एकाच टेबलावर बसू शकतात, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा? शिवाय जयपूर फूट हे मुख्यतः पाऊल आहे. गुडघ्याखाली पाय गेलेल्याला तो पुष्कळ देतो; मांडीतून गेलेल्याचा प्रश्न गुडघ्याचा असतो आणि त्या प्रश्नाचं उत्तर पावलात मिळत नाही.

राहतो पैसा. आयात मायक्रोप्रोसेसर गुडघ्याची किंमत १० लाखांपासून ६० लाखांपर्यंत जाते, आणि ती इथल्या कुठल्याही बागायतदाराला, मच्छीमाराला, रिक्षावाल्याला झेपणारी नाही. पण किंमत ही आकाशातून पडलेली गोष्ट नसते. २०२२ मध्ये इस्रोने विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात बनवलेला, सुमारे १.६ किलो वजनाचा मायक्रोप्रोसेसर गुडघा जाहीर केला आणि तो दहापट स्वस्त पडू शकेल असं सांगितलं. त्याच वर्षी आयआयटी मद्रासने 'कदम' हा बॅटरी नसलेला बहुअक्षीय गुडघा आणला. २०२५ मध्ये डीआरडीओ आणि बीबीनगरच्या एम्सने कार्बन फायबरचं देशी पाऊल दाखवलं. आयात पाऊल दोन लाखांच्या घरात, हे वीस हजारांच्या आत. एवढ्या गोष्टी तीन वर्षांत घडतात आणि आपण मात्र "आपल्याला परवडणार नाही" या वाक्यावर कुलूप लावून बसतो. मागणीच नोंदवली नाही तर परवडेल असं कोणी बनवायचं तरी कशाला?

पावसाचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो घेणारी माणसं बहुधा कोकणातलीच असतात. यंत्रात पाणी शिरेल, खारी हवा सर्किट खाईल, वीज गेली की काय? निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडातल्या गावांनी आठवडेच्या आठवडे अंधार काढला, हे मला चांगलं आठवतं. तरी उत्तर आहे. आजच्या चांगल्या गुडघ्यांवर पाऊस पडला तरी चालतं. काही तर पोहायलाही चालतात, खाऱ्या पाण्यातसुद्धा. बॅटरी संपली की असा गुडघा ठरावीक अवरोधावर स्थिर होतो. चालणं जड होतं, पण गुडघा एकदम मिटून माणूस कोसळत नाही. देशी गुडघ्याने यातलं काय साधलंय आणि काय साधायचंय, हे विचारणं आपलं काम आहे.

मला खरी धास्ती आहे ती दुरुस्तीची. अमेरिकेत घोड्यावरून पडून कमरेखाली लुळा झालेल्या एका जॉकीने सुमारे एक लाख डॉलरचं एक्सोस्केलेटन घेतलं. त्यावर त्याने लाखो पावलं टाकली. २०२४ मध्ये मनगटावरच्या नियंत्रकातली एक बारीकशी जोडणी बिघडली आणि कंपनीने सांगितलं, पाच वर्षांहून जुनं यंत्र आम्ही दुरुस्त करत नाही. लोकांनी आवाज उठवला तेव्हा कुठे ते दुरुस्त झालं. श्रीमंत देशात राहणाऱ्या माणसाची ही गत. आपल्याकडे पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. दोन्ही जागी उत्तम जाणकार माणसं आहेत. पण पट्टा तुटला, सॉकेट सैल झालं म्हणून गुहागरच्या माणसाने दर वेळी पुण्या-मुंबईपर्यंत जायचं? तो जात नाही. पाय माळ्यावर जातो. म्हणून यंत्र नको, असा निष्कर्ष काढणारे चुकतात. सैल सॉकेट आणि तुटका पट्टा साध्या पायालाही असतो. जिल्ह्यात दुरुस्ती नसणं हा साध्या पायाचाही तितकाच मोठा दोष आहे आणि शिबिराचे आकडे मोजताना तो झाकला जातो. किती पाय वाटले ते फलकावर लिहिलं जातं. दोन पावसाळ्यांनंतर किती पाय वापरात राहिले, ते कोणी विचारत नाही.

सॉकेटबद्दल, म्हणजे उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो तिच्याबद्दल, थांबून बोलायला हवं. कापल्यानंतर उरलेला पायाचा भाग, ज्याला सगळे स्टंप म्हणतात, तो पहिली काही वर्षं आकार बदलत राहतो. बारीक होतो, सुजतो. कोकणातल्या दमट उन्हात सॉकेटच्या आत घाम साचतो, कातडी घासते, फोड येतो, मधुमेह असेल तर फोडाची जखम होते. एका दिवसात माप आणि त्याच दिवशी पाय, ही शिबिराची पद्धत तिच्या काळी क्रांतिकारक होती, पण ती पहिल्या पायापुरती. दुसऱ्या, तिसऱ्या मापाला कोणी हवं. जगातली सर्वांत महाग मोटर वाईट सॉकेटवर बसवली तर निरुपयोगी आहे, हे चालण्याचे संशोधकच सगळ्यांत आधी सांगतात. त्यामुळे पहिला रुपया कुठे जावा असं मला विचाराल तर तो जिल्ह्यात कायम बसणाऱ्या प्रोस्थेटिस्टच्या, म्हणजे कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाच्या, पगारावर जावा. यंत्र त्यानंतर. पण 'त्यानंतर' म्हणजे 'कधीच नाही' नव्हे.

आणि संशोधन म्हणजे फक्त यंत्र, हीही समजूत सोडायला हवी. २०२४ च्या 'नेचर मेडिसिन'मधला एमआयटीच्या ह्यू हर यांच्या गटाचा अभ्यास बघा. हर यांनी स्वतः १९८२ मध्ये हिमदंशाने दोन्ही पाय गमावले. या अभ्यासात गुडघ्याखाली पाय कापलेली १४ माणसं होती. त्यांतल्या सात जणांचा पाय कापताना शल्यविशारदांनी आखडणारा आणि ताणला जाणारा स्नायू यांची जोडी एकमेकांना जोडून ठेवली होती, नेहमीसारखी तोडून टाकली नव्हती. रोबोटिक पाय घालून चालताना या सात जणांचा कमाल वेग इतरांपेक्षा ४१ टक्के जास्त भरला, कारण पाय कुठे आहे हे त्यांच्या मेंदूला कळत होतं. यंत्र महाग आहे, मान्य. पण पाय कापायची वेळ आली तर तो कसा कापावा, कुठे कापावा, स्नायू कसे ठेवावेत, हे ज्ञान विमानाने आणावं लागत नाही, त्यावर आयातशुल्क नाही. महामार्गावरचा अपघात किंवा सडलेलं मधुमेही पाऊल, आपल्या जिल्ह्यात होणारी प्रत्येक शस्त्रक्रिया त्या माणसाची पुढची तीस वर्षं ठरवते. "हे संशोधन आपल्यासाठी नाही" म्हणणारा डॉक्टर नकळत हे ज्ञानही दारातून परत पाठवतो.

शेवटचा आक्षेप संख्येचा. अशी माणसं आहेत किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. पण मला त्याच जनगणनेतला रत्नागिरीचा एक वेगळा आकडा महत्त्वाचा वाटतो: दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. चाकरमानी मुंबईला गेले, मागे राहिल्या बायका आणि म्हातारी माणसं. घरात पक्षाघात झालेला सासरा किंवा झाडावरून पडून लुळा झालेला नवरा असेल तर त्याला उचलणारी एक साठीची बाई असते. आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणायला चार खांदे लागतात आणि वाडीत चार धडधाकट खांदे उरलेले नसतात. एक्सोस्केलेटनचं संशोधन फक्त लुळ्या माणसाला उभं करण्यापुरतं आहे असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने घोट्याला लावायच्या बुटाच्या यंत्राने माणसाचा वेग ९ टक्के वाढवला आणि तेवढंच अंतर चालण्याचा खर्च १७ टक्के कमी केला. तेही प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावर, प्रत्येकाच्या चालीप्रमाणे यंत्र जुळवून घेत. म्हातारपणी चढ चढता न येणं हा कोकणातल्या गावांचा फार मोठा आणि फार कमी बोलला जाणारा प्रश्न आहे. डॉक्टर, बँक, रेशन, देऊळ, सगळं वर रस्त्यावर, घर खाली. पाखाडी चढवेनाशी झाली की माणूस वाडीत अडकतो. याची नोंद कुठल्याही अपंगत्वाच्या दाखल्यावर होत नाही.

पाखाडीला कठडा घाला, चिरे नीट बसवा, रॅम्प करा, असं कोणी म्हणेल. जरूर करा, उद्याच करा. ते काम आणि हे काम एकमेकांच्या आड येत नाही.

मग करायचं काय? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा देठासकट उतरवणारा 'नूतन झेला' दिला. तो परदेशातून आला नव्हता. हापूसचं झाड आणि ते उतरवणारा माणूस समोर असल्याशिवाय तो सुचलाही नसता. चालण्याच्या बाबतीत हेच का होऊ नये? रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे, रत्नागिरीत आणि देवरुखजवळ आंबवला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. पाऊल कसं पडतं, गुडघा किती वाकतो, तोल कुठे जातो, हे मोजणारे सेंसर आज मोबाइलमधल्या चिपइतके लहान आणि स्वस्त झाले आहेत. ट्रेडमिल नको, दालन नको; चाचणी पाखाडीवरच घेता येते. पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. दहा-बारा ग्रामपंचायतींनी त्यातला वाटा एकत्र केला तर महिन्यातून ठरल्या दिवशी तालुक्याला येणारा दुरुस्तीचा माणूस सुरू होऊ शकतो, आणि चाचणीला येणाऱ्यांचा बुडालेला रोजही त्यातून देता येईल.

इस्रोचा गुडघा २०२२ मध्ये एका माणसाने घालून थोड्याशा आधाराने जवळजवळ १०० मीटर चालून दाखवला, एका कॉरिडॉरमध्ये. ती सुरुवात होती, आणि सुरुवात अशीच होते. पण असा कुठलाही देशी गुडघा देशभर वाटायला काढण्यापूर्वी तो संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या पाखाडीवर, जुलैच्या पावसात, खांद्यावर दहा किलोची पिशवी घेतलेल्या माणसाने उतरून पाहिला पाहिजे, आणि घसरण्याची एकूण एक नोंद बनवणाऱ्याकडे गेली पाहिजे. ही मागणी लेखी स्वरूपात करायची आहे, ती दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि जिल्हा परिषदेने मिळून करावी, आणि तिच्यावर पहिल्या सह्या रोज पाखाडी उतरणाऱ्या, पाय गमावलेल्या माणसांच्या असाव्यात.